सफरचंदाच्या बागेतले वसंतातले रोग आणि किडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळी फुगायला लागल्यापासून पाकळ्या गळेपर्यंतचा काळ म्हणजे थंडी-उन्हानुसार जेमतेम महिना-दीड महिना. पण वर्षभरातल्या ज्या फवारण्या चुकवून चालत नाहीत, त्यातल्या बहुतेक याच काळात येतात. खाली औषधांची नावं उदाहरणादाखल दिली आहेत. आपल्या देशात ते औषध सफरचंदावर वापरायला परवानगी आहे का, मात्रा किती आणि फवारणीनंतर बागेत किती वेळ जायचं नाही, हे डब्यावरच्या लेबलवर पाहावं. लेबल आणि ऐकीव सल्ला यांत फरक पडला तर लेबल खरं.

फवारणीच्या तारखा का देत नाही? महिना सांगितला तर सोपं जाईल.

कारण झाड तारीख बघत नाही. एखाद्या वर्षी कळी पंधरा दिवस आधी फुटते, एखाद्या वर्षी थंडी लांबते आणि सगळं पुढे सरकतं. रोग आणि किडीही त्याच उबेवर जाग्या होतात. म्हणून कळीच्या अवस्था ओळखायला शिकणं हीच खरी तयारी. क्रम असा: कळीचं टोक चंदेरी दिसतं, मग हिरवं होतं, मग कोवळी पानं सेंटिमीटरभर बाहेर येतात. त्यानंतर कळ्यांचा घट्ट गुच्छ दिसतो, कळ्या गुलाबी होतात आणि गुच्छातलं मधलं फूल सर्वांत आधी उमलतं. याला राजफूल म्हणतात. पुढे पूर्ण फुलोरा, पाकळ्यांची गळ आणि फळधारणा. बागेत दोन-तीन जाती असतील तर सर्वांत लवकर फुटणाऱ्या जातीकडे बघून सुरुवात करावी. परागीकरणासाठी लावलेली झाडं बऱ्याचदा आधी फुटतात आणि नेमकं त्यांच्याकडेच दुर्लक्ष होतं.

स्कॅब दरवर्षी येतो कुठून?

गेल्या वर्षीच्या गळलेल्या पानांतून. स्कॅब म्हणजे पानांवर आणि फळांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग. त्याची बुरशी, व्हेंचुरिया इनइक्वॅलिस, हिवाळा जमिनीवर पडलेल्या रोगट पानांत काढते. तिथे तिचे बारीक काळे बीजाणूकोष तयार होतात आणि वसंतात, नेमकी कळी हिरवी होते त्या सुमारास, त्यातले पहिले बीजाणू पिकतात. पावसाने पान भिजलं की कोष फुगतो आणि बीजाणू हवेत उडवतो. पुढचं काम वारा करतो. बीजाणू मुख्यतः दिवसा सुटतात. रात्री सुरू झालेल्या पावसात त्यांचं प्रमाण फार कमी असतं, म्हणून अशा वेळी ओलाव्याचे तास बहुधा पहाटेपासून मोजतात.

सगळे बीजाणू एकदम पिकत नाहीत. सुरुवातीला थोडे, गुलाबी कळीपासून पाकळ्या गळेपर्यंत सर्वांत जास्त, आणि नंतर साठा संपत जातो. त्यामुळे हिरव्या टोकाला पडलेला पाऊस आणि फुलोऱ्यात पडलेला पाऊस सारखे नाहीत. पहिल्याला थोडीफार माफी असते, विशेषतः गेल्या वर्षी बाग स्वच्छ राहिली असेल तर. दुसऱ्याला नसते.

पान किती वेळ ओलं राहिलं की संसर्ग होतो?

ते तापमानावर अवलंबून आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या मिल्स यांनी १९४० च्या दशकात यासाठी तक्ता केला. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना आजही तीच आहे. सुधारित आकडे असे: तापमान १६ ते २४ अंश सेल्सिअस असेल तर सहा तासांचा ओलावा पुरतो. १० अंशांना सुमारे ११ तास लागतात आणि ५ अंशांना २१ तासांच्या आसपास. पान मध्ये सुकलं आणि आठ तासांच्या आत पुन्हा पाऊस आला, तर आधीचे आणि नंतरचे ओले तास जोडून धरावेत.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. पाऊस दोनच तास पडला, पण नंतर ढग राहिले आणि पानं संध्याकाळपर्यंत निथळत राहिली, तर हिशोब पानाच्या ओलाव्याचा करायचा, पावसाचा नव्हे. पान ओलं आहे की नाही हे सांगणारा संवेदक बागेत असेल तर उत्तमच. नसेल तर झाडाच्या आतल्या, सावलीतल्या पानाला हात लावून बघावं. बाहेरची पानं फसवतात.

संसर्गानंतर डाग दिसायला तापमानानुसार नऊ ते सतरा दिवस लागतात. पहिले डाग शोधायचे तर पान उलटं करा. कोवळं पान कळीतून बाहेर येताना त्याची खालची बाजूच आधी उघडी पडते, म्हणून सुरुवातीचे डाग बऱ्याचदा तिथेच असतात: शेवाळी रंगाचे, कडा अस्पष्ट, बोट फिरवलं तर मखमली लागणारे. फुलाच्या देठाशी असलेली हिरवी निदलंही तपासावीत. तिथला डाग पुढे फळावर उतरतो.

पाऊस पडून गेला, फवारणी राहून गेली. आता?

मँकोझेब, कॅप्टान यांसारखी स्पर्शजन्य बुरशीनाशकं पावसाच्या आधी पानावर असायला हवीत. बुरशी पानात शिरल्यावर त्यांचा उपयोग नाही. डायफेनोकोनॅझोलसारखी पानात शिरणारी औषधं संसर्ग सुरू झाल्यापासून साधारण तीन दिवसांपर्यंत मागे जाऊन काम करू शकतात. ही मुदत ओलावा सुरू झाल्यापासून मोजायची, पाऊस थांबल्यापासून नाही. दोन दिवस झड लागली असेल तर आकाश मोकळं होईपर्यंत अर्ध्याहून जास्त मुदत निघून गेलेली असते.

ही सवय मात्र लावून घेऊ नका. ही औषधं बुरशीच्या एकाच जागी घाव घालतात, त्यामुळे तिच्यात प्रतिकारशक्ती लवकर तयार होते आणि जगातल्या अनेक सफरचंद पट्ट्यांत ती झालेली आहे. स्ट्रोबिल्युरिन या बुरशीनाशकांच्या गटाचीही तीच गत. म्हणून एक गट लागोपाठ वापरू नये, सोबत स्पर्शजन्य औषध घालावं, आणि पानावर डाग दिसायला लागल्यावर तर ही औषधं एकटी मुळीच फवारू नयेत. डाग म्हणजे लाखो बीजाणू. त्यातले औषधाला न जुमानणारे तेवढे आपण निवडून मागे ठेवतो.

आधीची फवारणी पावसात धुऊन गेली का, हे कसं समजायचं?

ढोबळ नियम असा की २५ मिलिमीटर पावसात स्पर्शजन्य औषधाचं संरक्षण जवळजवळ निम्म्यावर येतं आणि ५० मिलिमीटरनंतर ते नाहीच असं धरावं. पण पाऊस नसला तरी वसंतात फुटव्यावर दर काही दिवसांनी नवं पान उलगडतं आणि त्यावर औषधाचा थेंबही नसतो. स्कॅबला कोवळं पानच आवडतं. जून पानं बऱ्यापैकी तग धरतात. म्हणून वाढ जोरात असताना आणि पावसाचा अंदाज असताना फवारण्यांतलं अंतर पाच ते सात दिवसांवर आणावं लागतं, आणि कोरड्या-थंड आठवड्यात ते बिनधास्त वाढवता येतं. शेजाऱ्याने पंप बाहेर काढला म्हणून आपणही काढायचा, हे या काळातलं सर्वांत महागडं वेळापत्रक.

जमिनीवरच्या पानांचं काय करायचं?

जमेल तितकी नष्ट करायची. रोगाचं मूळ तिथे आहे, आणि तिथे घेतलेली मेहनत वर झाडावर वाचते. पाच टक्के युरिया, म्हणजे १०० लिटर पाण्यात ५ किलो, पानगळीच्या वेळी किंवा ते राहिलं असेल तर कळी फुटण्याआधी गळलेल्या पानांवर फवारावा. पानं लवकर कुजतात आणि बीजाणूकोष नीट तयार होत नाहीत. गवत कापण्याच्या यंत्राने पानं बारीक करणंही तितकंच उपयोगी. दोन्ही केलं तर अधिक चांगलं. युरियातलं नत्र झाडाला मिळतं, ते खताच्या हिशोबात धरायला विसरू नका.

भुरी आणि स्कॅब एकाच औषधाने जातात का?

काही औषधांनी जातात, पण दोन्ही रोगांचा स्वभाव उलटा आहे. भुरीला पाऊस लागत नाही. पाण्याच्या थेंबात तिचे बीजाणू नीट रुजतच नाहीत. उबदार दिवस आणि हवेत दमटपणा, एवढं तिला पुरतं. त्यामुळे कोरड्या वसंतात स्कॅबची चिंता नाही म्हणून पंप बंद ठेवणाऱ्याची बाग पांढरी होते. मँकोझेब आणि कॅप्टान भुरीवर चालत नाहीत, हेही इथेच लक्षात ठेवावं.

भुरीची बुरशी हिवाळा कळीच्या आत काढते. अशी कळी शेजारच्या कळ्यांपेक्षा उशिरा फुटते. तिची पानं अरुंद, वर दुमडलेली आणि पिठाने माखल्यासारखी निघतात. असे शेंडे दिसताक्षणी कापून पिशवीत घालून बाहेर न्यावेत. हिवाळी छाटणीत चंदेरी, किडकिडीत शेंडे ओळखून काढले तर काम आणखी हलकं होतं. गुलाबी कळीपासून फुटव्यांची वाढ थांबेपर्यंत पाण्यात मिसळणारं गंधक आलटून-पालटून वापरता येतं. तापमान ३० अंशांच्या वर जाणार असेल तर गंधक टाळावं, पानं आणि फळं भाजतात. जोनाथन आणि आयडारेड या जाती भुरीला लवकर बळी पडतात.

फुलांचे गुच्छ एकाएकी काळे पडले, शेंडा आकड्यासारखा वाकला. हे काय?

हा फायर ब्लाइट असू शकतो. हा बुरशीचा नव्हे, एर्विनिया अमायलोव्होरा या जिवाणूचा रोग. वनस्पतींना जिवाणूंमुळे रोग होतो हे सर्वांत आधी दाखवलं गेलं ते याच रोगावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत टॉमस बरिल यांनी. जिथे तो अजून पोचलेला नाही तिथे शंका आली तरी फांदी इकडेतिकडे न नेता कृषी विभागाला कळवावं.

फुलांतून संसर्ग व्हायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: उघडं फूल, काही दिवसांची ऊब, पाऊस किंवा दाट दव, आणि सरासरी तापमान साधारण १६ अंशांच्या वर. जुन्या फांदीवरच्या खोल जखमेतून चिकट स्राव पाझरतो. माश्या, मुंग्या आणि पावसाचे शिंतोडे तो फुलापर्यंत नेतात, आणि पुढे फुलाफुलांत मधमाश्या पसरवतात. उशिरा आलेली तुरळक फुलं इथे घात करतात, कारण तोवर हवा तापलेली असते आणि बागायतदाराने फुलोरा संपला म्हणून लक्ष काढून घेतलेलं असतं.

चंदेरी ते हिरव्या टोकाच्या अवस्थेत तांब्याचं औषध जखमांवरच्या जिवाणूंना आवर घालतं. त्यानंतर तांबं फवारलं तर फळाची साल खरबरीत होण्याचा धोका असतो. फुलोऱ्यात काही ठिकाणी स्ट्रेप्टोमायसिन वापरतात. ते ओलाव्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या २४ तासांत फवारलं तरच उपयोगी, आणि उद्या उमलणाऱ्या फुलाला आजच्या फवारणीचं संरक्षण नाही. कित्येक देशांत त्याला परवानगी नाही, आणि जिथे आहे तिथेही काही भागांत जिवाणू त्याला दाद देत नाहीत.

रोगट फांदी दिसणाऱ्या खुणेच्या निदान ३० सेंटिमीटर खालून, कोरड्या दिवशी कापावी. नत्राचा मारा थांबवावा, लुसलुशीत फुटवा या जिवाणूला फार मानवतो. एम ९ आणि एम २६ हे खुंट (ज्यावर कलम बांधतात तो मुळांकडचा भाग) नाजूक आहेत. तिथे रोग खुंटात उतरला तर अख्खं झाड जातं.

सुरुवातीची तेलाची फवारणी नेमकी कशासाठी?

सॅन होजे खवले (सालीला चिकटून राहणारी कीड) आणि लाल कोळी या बारीक किडीची अंडी यांच्यासाठी. तेल विषासारखं काम करत नाही, ते किडीचा श्वास कोंडतं. म्हणून ते जितकं उबण्याच्या जवळ पडेल तितकं चांगलं, कारण अंड्यातला जीव तेव्हा जास्त श्वास घेत असतो. हिरव्या टोकाला दोन टक्के आणि घट्ट गुच्छापर्यंत एक टक्का, असं प्रमाण सहसा ठेवतात.

आधी बाग बघा मात्र. फळफांदीच्या बुडाशी, सुरकुत्यांमध्ये भिंग धरलं की लाल कोळ्याची अंडी दिसतात: गोल, विटकरी लाल, वर एक बारीक केस. थवे असतील तर सालच लालसर वाटते. खवले कीड असलेली साल राखाडी आणि खरखरीत होते. नखाने खरवडली तर खाली पिवळे मऊ जीव निघतात. दोन्ही नसतील तर त्या भागात तेल फवारायची गरज नाही. असतील तर पाणी भरपूर वापरा. फांदीच्या चारही बाजू भिजल्या नाहीत तर खर्च वाया.

कॅप्टानबरोबर तेल चालतं का?

नाही. मिसळायचंही नाही आणि मागेपुढे लगेच फवारायचंही नाही, निदान १० ते १४ दिवसांचं अंतर हवं. गंधकाचंही तसंच. दोन्हींत पानं भाजतात. दव गोठण्याची शक्यता असेल तर आधीचे-नंतरचे दोन दिवस तेल टाळा.

मावा दिसला की फवारायचंच का?

कोणता मावा, यावर आहे. गुलाबी मावा धोक्याचा. त्याची अंडी हिरव्या टोकाला उबतात, पिल्लं थेट फुलांच्या गुच्छात घुसतात आणि पानं गुंडाळून घेतात. एकदा पान वळलं की आत औषध पोचत नाही, आणि त्या गुच्छातली फळं बारीक, वेडीवाकडी राहतात. त्यामुळे त्याचा बंदोबस्त फुलं उमलण्याआधी, घट्ट गुच्छ ते गुलाबी कळी या दरम्यान व्हायला हवा. पन्नासेक गुच्छ उघडून बघा. चार-दोन गुच्छांतही सापडला तरी दखल घ्या.

हिरवा मावा त्या मानाने सोसण्याजोगा आहे. ढालकिडे, सिरफिड माशीच्या अळ्या आणि क्रायसोपा बहुतेक वेळा त्याला पुरून उरतात, त्यांना आठवडाभर द्यावा. लोकरी माव्याचं मूळ दुखणं मुळांवर असतं. ॲफेलिनस माली ही इवलीशी गांधीलमाशी त्याच्या अंगात अंडी घालते आणि त्याला काळं-कोरडं करून सोडते. नवी लागवड असेल तर एमएम १०६ किंवा एमएम १११ हे खुंट लोकरी माव्याला प्रतिकारक म्हणूनच तयार केलेले आहेत.

फुलोऱ्यात कीटकनाशक फवारलं तर?

फवारू नका. मधमाश्या मेल्या तर फळंच धरणार नाहीत. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं औषध फुलोऱ्याच्या तोंडावर दिलं तरी ते मधुरसात उतरू शकतं, त्यामुळे ‘फूल उमलायच्या आदल्या दिवशी मारलं’ ही सबब चालत नाही. बुरशीनाशक द्यावंच लागलं तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर द्यावं. झाडाखालचं फुललेलं तणही विसरू नका. वरून निथळलेलं औषध त्या फुलांवर पडतं, म्हणून फवारणीआधी ते कापून घ्या. मधमाश्यांच्या पेट्या दुसऱ्याच्या असतील तर त्याला आगाऊ सांगून ठेवा.

फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा लावला, पतंगही सापडताहेत. मग अळ्या कशा?

कारण कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने ओढणाऱ्या सापळ्यात, फक्त नर येतात. सापळा ही घंटा आहे, इलाज नव्हे. कॉडलिंग मॉथसाठी, म्हणजे या अळीच्या पतंगासाठी, सापळा गुलाबी कळीला, झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागात टांगावा. पतंग सलग सापडायला लागले तो दिवस लिहून ठेवायचा आणि तिथून उबेचा हिशोब सुरू करायचा. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान यांची सरासरी काढून त्यातून १० वजा करा. कमाल २२, किमान ८ असेल तर सरासरी १५, म्हणजे त्या दिवसाचे पाच अंश-दिवस. अशी बेरीज १४० च्या आसपास गेली की अंडी उबायला लागतात.

हा खटाटोप एवढ्यासाठी की उबलेली अळी फळावर फार थोडा वेळ उघडी असते. एकदा आत शिरली की तिला कोणतंच औषध गाठत नाही. ग्रॅन्युलोसिस विषाणूचं औषध तर अळीने खाल्ल्याशिवाय लागूच पडत नाही, त्यामुळे त्याला वेळ आणखी काटेकोर लागते. मीलनात अडथळा आणण्यासाठी बागेत टांगलेले कामगंध सोडणारे डिस्पेन्सर सलग मोठ्या बागेत छान चालतात. छोट्या बागेत बाहेरून गाभण माद्या येतात आणि पैसे वाया जातात.

पाकळ्या गळल्यावर पहिलं कीटकनाशक कोणतं निवडावं?

नुकसान कोणाचं आहे ते आधी ठरवा. फळावर फितीसारखा वळणदार व्रण असेल तर करवत माशीची अळी, पानं एकमेकांना चिकटवलेली असतील तर पाने गुंडाळणारी अळी. दुसरीवर बीटी हे जिवाणूंपासून केलेलं औषध चालतं. पायरेथ्रॉइड गटाची औषधं स्वस्त आणि झटपट असतात, पण कोळी खाणारे मित्रकोळी त्यांनी मरतात आणि उन्हाळ्यात लाल कोळी उसळतो. कार्बारिल या काळात फवारलं तर फळं विरळ होतात. विरळणीसाठी ते मुद्दाम वापरलंही जातं, पण नकळत वापरलं तर नुकसान ठरलेलं.

सगळी औषधं एकाच टाकीत घातली तर फेरी वाचेल ना?

वाचेल, पण फळ जाऊ शकतं. लेबलवर चालतं असं लिहिलेलंच एकत्र करा. पाण्याचा सामूही (पीएच) तपासा: कॅप्टान अल्कधर्मी, म्हणजे जास्त सामूच्या पाण्यात झपाट्याने निकामी होतं, त्यामुळे द्रावण रात्रभर टाकीत ठेवू नका.

घरामागे दोन-चारच झाडं आहेत. एवढं सगळं करायचं?

नाही. पानं गोळा करा, भुरीचे शेंडे कापा, झाड आतून मोकळं ठेवा म्हणजे पानं लवकर सुकतील, आणि विरळणीनंतर लहान फळांना पिशव्या बांधा. नवीन लावत असाल तर लिबर्टी, प्रायमा, फ्लोरिना अशा स्कॅब-प्रतिकारक जाती बघा. त्यांतला प्रतिकार एका रानटी सफरचंदातून आलेल्या जनुकावर उभा आहे आणि युरोपात काही ठिकाणी बुरशीने तो भेदलाही आहे, तेव्हा ‘प्रतिकारक’ म्हणजे अभेद्य नव्हे. शिवाय हा प्रतिकार स्कॅबपुरता आहे, किडींना त्याचं काही नाही.

स्कॅबच्या फवारण्या थांबवायच्या कधी?

जमिनीवरच्या पानांतले बीजाणू बहुधा पाकळ्या गळल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत संपतात. पण त्या अंदाजावर पंप धुऊन ठेवू नका. शेवटचा संसर्गाचा पाऊस झाल्यावर अडीच आठवडे थांबा, म्हणजे जे डाग यायचे ते आलेले असतील, आणि मग बाग फिरा. दर भागातली वीसेक झाडं, प्रत्येकाचे काही फुटवे, पानाच्या दोन्ही बाजू. पंपाचं पाणी नीट पोचत नाही अशा जागा, म्हणजे शेंड्याच्या फांद्या, झाडाचा आतला भाग आणि ओळीच्या टोकाची झाडं, मुद्दाम बघा. डाग नसतील तर उन्हाळ्यातल्या फवारण्या खूप कमी करता येतात. असतील तर आता बीजाणू पानांवरच तयार होताहेत आणि प्रत्येक पावसागणिक खाली फळांवर ओघळणार आहेत. अशा भागात स्पर्शजन्य बुरशीनाशक चालू ठेवावं, आणि त्या भागावर खूण करून शरदात युरियाची सुरुवात तिथून करावी.